धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं: तापल्यावरही टिकणारा गडद लाल फॉस्फर

झाडांसाठीच्या दिव्यात गडद लाल उजेड आणायच्या दोन वाटा आहेत. सरळ वाट म्हणजे ६६० नॅनोमीटरची लाल चिप लावायची. आडवळणाची वाट म्हणजे ४५० नॅनोमीटरची निळी चिप घ्यायची आणि तिच्यावर निळं गिळून लाल देणारी पावडर, म्हणजे फॉस्फर, बसवायचा. या लेखात दुसऱ्या वाटेबद्दल लिहिलं आहे. पण ती निवडण्याआधी हिशेब उघड्या डोळ्यांनी पाहिलेला बरा.

एक जूल ऊर्जेत ६६० नॅनोमीटरचे जास्तीत जास्त ५.५२ मायक्रोमोल फोटॉन बसतात, ४५० नॅनोमीटरचे ३.७६. फॉस्फर एका निळ्या फोटॉनचा फार तर एक लाल फोटॉन करतो. म्हणजे फॉस्फर शंभर टक्के कार्यक्षम धरला तरी कमाल ३.७६ वरच अडते, आणि चिपची स्वतःची घट त्यातून वेगळी जाते. वीजबिलाच्या कसोटीवर चांगली लाल चिप पुढेच राहणार. मग फॉस्फर कशाला? लाल चिप ज्या अर्धवाहकाची असते (अ‍ॅल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांचं मिश्रण), तो तापला की त्याचा उजेड निळ्या चिपपेक्षा खूप वेगाने पडतो. निळी आणि लाल चिप वेगवेगळ्या वेगाने म्हाताऱ्या होतात, त्यामुळे दोन वर्षांनी दिव्यातलं लाल-निळ्याचं गुणोत्तर बदललेलं असतं. दोन्हींचा व्होल्टेज वेगळा, म्हणून ड्रायव्हरची (चिपांना वीज पुरवणाऱ्या मंडलाची) जुळवाजुळव आली. एकाच जातीच्या निळ्या चिपा आणि वर फॉस्फर, ही रचना स्वस्त आणि एकजिनसी पडते. मात्र ‘लाल चिप तापली की घसरते’ ही तक्रार करून जो फॉस्फर आणायचा, तोच तापल्यावर घसरला तर सगळा खटाटोप वाया. म्हणून प्रश्न उष्णतेचा आहे.

फॉस्फर तापतो तरी किती

फॉस्फर चिपवर बसतो म्हणून तापतो हे अर्धसत्य आहे. तो स्वतःही उष्णता तयार करतो. ४५० चा फोटॉन गिळून ६६० चा दिला की ऊर्जेतला ३२ टक्के भाग जागीच उष्णता होतो, क्वांटम कार्यक्षमता (गिळलेल्या दर निळ्या फोटॉनमागे किती लाल फोटॉन मिळतात ते) पूर्ण असली तरी. ती ०.८ असेल, तर गिळलेल्या निळ्या ऊर्जेपैकी साधारण ४५ टक्के उष्णता होते.

हा आकडा प्रत्यक्षात उतरवू. सिलिकोनमध्ये कालवलेल्या फॉस्फरचा ०.३ मिलिमीटरचा थर, उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विन, थर फक्त खालून थंड होतो, आणि येणाऱ्या निळ्यापैकी ७० टक्के गिळला जातो असं धरा. मध्यम शक्तीच्या पॅकेजमध्ये (चिप आणि तिचं घर मिळून झालेला सुटा एलईडी) दर चौरस मिलिमीटरला ०.०५ वॅट निळा असेल, तर थराचा वरचा पृष्ठभाग तळापेक्षा साधारण १२ अंशांनी गरम होतो. दाट चिपांच्या सीओबी (चिप-ऑन-बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसवलेल्या अनेक चिपा) पॅकेजमध्ये तोच आकडा ०.५ वॅट असेल तर फरक १२० अंशांचा. पॅकेजचा तळ ९० अंशांवर आहे असं धरलं तर पहिल्यात फॉस्फर १०२ अंशांवर, दुसऱ्यात २१० च्या घरात.

आणि हे तिथेच थांबत नाही. सीओबीतला फॉस्फर तापून त्याची कार्यक्षमता ०.८ वरून ०.५ वर आली, की उष्णता वाढते आणि फरक १२० वरून १७३ अंशांवर जातो. त्याने कार्यक्षमता आणखी पडते. विदर्भात मे महिन्यात पॉलिहाउसच्या आतली हवा ४५ अंशांच्या वर असते, तेव्हा तळाचे ९० अंशही फार उदार अंदाज ठरतात.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. मध्यम शक्तीच्या पॅकेजसाठी १०० ते १२० अंशांपर्यंत टिकणारा फॉस्फर पुरतो. सीओबीसाठी २०० अंश झेलणारा हवा, नाहीतर फॉस्फर चिपपासून दूर, वेगळ्या पत्र्यावर ठेवायला हवा. शोधनिबंधांत सगळे १५० अंशांचा आकडा देतात. तो तुलनेसाठी सोयीचा आहे, पण तुमच्या पॅकेजशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

चावतं कुठे आणि पळतं कुठे

गडद लाल देणाऱ्या फॉस्फरांत सध्या सगळ्यात आकर्षक घटक म्हणजे चार धनभाराचा मँगनीज. पुढे त्याला मँगनीज-४ म्हणू. दुर्मिळ मृदा लागत नाही, हवेतल्या भट्टीत काम भागतं, आणि ऑक्साइडमध्ये तो ६५० ते ७२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात उजेड देतो. फ्लोराइडमध्ये तोच ६३० च्या आसपास येतो. स्क्रीनच्या एलईडीत वापरला जाणारा पोटॅशियम सिलिकोफ्लोराइड ६३१ चा.

मँगनीज-४ ला सहा ऑक्सिजनांचं कोंडाळं हवं. त्या कोंडाळ्यात त्याच्या दोन पातळ्या आपल्या कामाच्या. २ई पातळीवरून लाल उजेड बाहेर पडतो. तिच्या वरची ४टी२ पातळी निळा उजेड गिळते. उष्णतेचा घोळ याच वरच्या पातळीचा. तापमान वाढलं की २ई वरचा इलेक्ट्रॉन धक्के खात ४टी२ कडे चढतो आणि तिथून उजेड न देता, नुसती उष्णता सोडत खाली घसरतो. ४टी२ जितकी उंच, तितका हा चढ कठीण. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या मेइयरिंक यांच्या गटाने २०१८ मध्ये फ्लोराइडांवर हेच दाखवलं: ४टी२ ची ऊर्जा जास्त, तर अर्धा उजेड जाण्याचं तापमानही जास्त.

आता गोम अशी की ४टी२ ची उंची म्हणजेच निळ्यातलं शोषण कुठे बसतं ते. उंच केली तर उष्णतेला टिकतो, पण शोषण ४२० कडे सरकतं आणि ४५० ची चिप हातातून निसटते. खाली आणली तर ४७० ला भरभरून गिळतो आणि तापला की विझतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

फरक किती तीव्र असतो ते एका गणितात दिसतं. उरलेला उजेड म्हणजे १ भागिले (१ + अ गुणिले बोल्ट्झमनचा घातांक). ‘अ’ हा त्या फॉस्फरचा स्थिरांक, आणि घातांकात येतो तो अडथळा, म्हणजे विझण्यासाठी इलेक्ट्रॉनला चढावी लागणारी उंची, भागिले तापमान. अडथळा ०.३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असलेला फॉस्फर घ्या आणि १५० अंशांना तो निम्म्यावर येतो असं धरा. त्यावरून ‘अ’ साधारण १४,७५० निघतो. हाच फॉस्फर १०० अंशांना ७८ टक्के आणि २५ अंशांना ९८ टक्के उजेड देतो. आता ‘अ’ तोच ठेवून अडथळा फक्त ०.१ ने वाढवा, ०.४५ करा. १५० अंशांना उजेड ५० वरून थेट ९४ टक्के. ४२० आणि ४७५ नॅनोमीटरमध्ये ०.३४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक आहे. तो सगळाच्या सगळा अडथळ्यात उतरत नाही, पण थोडा उतरला तरी चित्र पालटतं.

या एका पट्टीवर ओळखीचे फॉस्फर मांडून बघा. मॅग्नेशियम टायटनेट (दोन मॅग्नेशियमला एक टायटॅनियम, स्पिनेल घडणीचा) ६५६ ते ६५८ ला सुंदर लाल देतो, ४७५ च्या आसपास निळा गिळतो, आणि उष्णतेला फार लवकर हार मानतो. कॅल्शियम हेक्झाअ‍ॅल्युमिनेट ६५६ चा. मधला मार्ग, पण भट्टी १५०० अंशांच्या जवळ लागते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मँगनीज-४ बसताना एक भार जास्त येतो, म्हणून सोबत मॅग्नेशियम घालून तो हिशेब मिटवावा लागतो. लॅन्थॅनम-मॅग्नेशियम टायटनेटसारखे दुहेरी पेरोव्हस्काइट ७१० कडे उजेड देतात. तो फाररेडचा (गडद लालच्याही पलीकडच्या, जेमतेम दिसणाऱ्या लालचा) प्रांत, ६६० चं काम त्यांच्याकडून होत नाही. आणि टोकाला मॅग्नेशियम फ्लोरोजर्मनेट: ६५५ ते ६६० च्या दरम्यान सर्वोच्च टोक, शोषणाचे डोंगर २९० आणि ४२० जवळ. हा जुना गडी. उच्च दाबाच्या पारा-दिव्यांचा हिरवट उजेड सुधारायला तो काचेच्या आतून लावला जायचा, म्हणजे तापलेल्या बल्बवर तो रोज उभा असायचा. इंजिनांच्या पृष्ठभागांचं तापमान उजेडावरून मोजणारे लोक आजही तो वापरतात, कारण शेकडो अंशांपर्यंत तो चमकत राहतो.

युरोपियमवाल्या नायट्राइडांचा उल्लेख न करणं अन्यायाचं होईल. कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन नायट्राइड ६५० ला रुंद पट्टा देतो, ४५० ला भरपूर गिळतो आणि उष्णतेलाही चांगला. २०१४ मध्ये जाहीर झालेला स्ट्रॉन्शियम-लिथियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड त्याहून अरुंद, जेमतेम ५० नॅनोमीटर रुंदीचा, आणि २०० अंशांनाही खोलीच्या तापमानाच्या ९५ टक्क्यांवर कार्यक्षमता राखणारा. कामगिरीत हे मँगनीजच्या पुढे आहेत. पण पहिल्याला १६०० ते १८०० अंश आणि दाबाखालचा नायट्रोजन लागतो, दुसऱ्याला ओलावा सोसत नाही. कच्चा माल ग्लोव्हबॉक्समध्ये हाताळावा लागतो. नागपूरसारख्या ठिकाणी विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत फॉस्फरवर पुष्कळ काम होतं, पण तिथे सहज हाताशी असते ती मफल भट्टी (हवेत तापवणारी साधी विजेची भट्टी). तिच्यात बनेल असा गडद लाल हवा असेल तर मँगनीज-४ कडेच यावं लागतं, आणि उष्णता पहिली अट असेल तर माझ्या मते फ्लोरोजर्मनेटपासूनच सुरुवात करावी. जर्मेनियम महाग आहे हे खरं. पण स्वस्त पर्याय किती मागे आहेत हे कळायला समोर एक पक्का मापदंड लागतो.

२० ग्रॅमचा घाणा

रचना अशी: ३.५ भाग मॅग्नेशियम ऑक्साइड, ०.५ भाग मॅग्नेशियम फ्लोराइड, १ भाग जर्मेनियम डायऑक्साइड, आणि जर्मेनियमच्या १ टक्का जागी मँगनीज. २० ग्रॅम तयार मालासाठी:

मॅग्नेशियम ऑक्साइड १०.२० ग्रॅम
मॅग्नेशियम फ्लोराइड २.२५ ग्रॅम
जर्मेनियम डायऑक्साइड ७.४९ ग्रॅम
मँगनीज कार्बोनेट ०.०८३१ ग्रॅम

सगळं ९९.९९ टक्के शुद्धतेचं घ्यावं. लोह, निकेल, कोबाल्ट हे वैरी आहेत. अगदी थोडं लोहसुद्धा उजेड गिळून बसतं. म्हणून पोलादी चाळणी, पोलादी गोळ्यांची चक्की, गंजका चमचा यांना मज्जाव.

वजनातल्या चुका इथेच होतात. मॅग्नेशियम ऑक्साइड बरणीत उघडा पडला की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. त्यात ४ टक्के अशी भर असेल तर तुम्ही १०.२ ग्रॅम मोजूनही प्रत्यक्षात ९.८ च घालता, मॅग्नेशियम कमी पडतं आणि भलतंच जर्मनेट तयार होतं. उपाय साधा: वापरण्याआधी १००० अंशांवर तीन-चार तास भाजायचा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) निववायचा आणि लगेच तोलायचा. मँगनीज कार्बोनेटची बरणी जुनी होऊन तपकिरी पडली असेल तर त्याचं ऑक्साइड व्हायला लागलंय, नवी फोडा. ८३ मिलिग्रॅम तोलायला ०.१ मिलिग्रॅमचा काटा हवा, खाली-वर चालणारा चौथा आकडा पाहून अंदाजाने टाकू नये.

८३ मिलिग्रॅम पावडर २० ग्रॅममध्ये एकदम ओतून घोटली तर ती सारखी पसरत नाही. आधी मँगनीज कार्बोनेट साधारण अर्ध्या ग्रॅम जर्मेनियम डायऑक्साइडमध्ये घोटा, मग एक ग्रॅम घाला, मग दोन, असं दुप्पट करत चला. अ‍ॅगेटचा खल, आणि ओलं करायला निर्जल इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाणी नको. बाजारात मिळणारा जर्मेनियम डायऑक्साइड बहुधा षट्कोनी घडणीचा असतो आणि तो पाण्यात थोडा विरघळतो. पाण्यात घोटून वाळवलं की तो काठाला जमतो आणि मिश्रण असमान होतं. ३० ते ४५ मिनिटं घोटून ८० अंशांवर वाळवा.

मूस कशाची हा मोठा प्रश्न. अ‍ॅल्युमिनाची मूस चालते, पण फ्लोराइडच्या संगतीने मालाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम शिरतं आणि तिथे मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट बनतो. तोही मँगनीजला घर देतो आणि त्याचा उजेड ६६० चा नसतो. प्लॅटिनम असेल तर उत्तमच. नसेल तर मुशीला आधी त्याच रचनेच्या वाया गेलेल्या मालाचं अस्तर द्या आणि भाजून झाल्यावर भिंतीला लागलेला दोन-तीन मिलिमीटरचा कडेचा भाग निर्दयपणे काढून टाका. तो मिसळू देण्याचा मोह होतो, कारण जर्मेनियमचे पैसे दिसत असतात.

भट्टीचा क्रम, सुरुवात म्हणून: मिनिटाला ५ अंश चढवत १००० वर दोन तास. ही पायरी वगळू नये. जर्मेनियम डायऑक्साइड १११५ अंशांना वितळतो. त्याआधीच त्याची मॅग्नेशियमशी गाठ पडलेली असावी, नाहीतर माल काचेसारखा चिकटून बसतो. मग ११५० वर चार तास, मिनिटाला ३ अंश उतरवत थंड. काढून घोटा आणि पुन्हा ११५० वर चार तास. शेवटी ६०० अंशांवर आठ-दहा तास हवेत किंवा ऑक्सिजनच्या मंद झोतात. मँगनीजची मूळ खोड अशी की हवेत तापवलं तर साडेपाचशे अंशांच्या सुमारास डायऑक्साइडचा ऑक्सिजन सुटायला लागतो आणि साडेनऊशेच्या आसपास तो आणखी खाली घसरतो. जाळीत पक्का बसलेला मँगनीज-४ टिकतो, न बसलेला टिकत नाही; हे शेवटचं भाजणं त्याला परत चारवर आणायला. फ्लोरोजर्मनेटला ते उपकारक, मॅग्नेशियम टायटनेटला मात्र अनिवार्य.

झाकण घट्ट ठेवा. ओलसर हवेत मॅग्नेशियम फ्लोराइडचं ऑक्साइड होतं आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. एक तर रचना बिघडते, दुसरं म्हणजे तो वायू जीवघेणा आहे. भट्टी धुराड्याखाली असलीच पाहिजे, आणि फ्लोराइडचं काम जिथे चालतं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल (या वायूने त्वचा भाजली तर लावायचा प्रथमोपचार) हाताशी ठेवावी.

इथे एक स्वस्त आणि फार उपयोगी कसोटी आहे: भाजण्याआधी आणि नंतर मूस तोला. २० ग्रॅमच्या घाण्यातून मँगनीज कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड जातो आणि थोडा ऑक्सिजन येतो; निव्वळ घट जेमतेम ०.०२ ग्रॅम, म्हणजे ०.१ टक्का. त्याहून जास्त घट झाली तर एकतर कच्चा माल ओला होता किंवा फ्लोरिन उडालं. सगळं फ्लोरिन उडालं तर घट साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ४ टक्के. म्हणून १ टक्का घट दिसली तर पाव फ्लोरिन गेलं असं समजा. पुढच्या घाण्यात फ्लोराइड ५ टक्के जादा घ्या, २.२५ ऐवजी २.३६ ग्रॅम, आणि पुन्हा तोला.

चांगला माल फिकट पिवळा दिसतो. तपकिरी किंवा गुलाबी झाक म्हणजे तीन भाराचा मँगनीज किंवा सुटं ऑक्साइड. तेव्हा मँगनीज ०.५ टक्क्यावर आणा. जास्त घातला की जास्त चमकेल हा समज इथे चालत नाही. मँगनीजचे अणू जवळ आले की ऊर्जा एकमेकांकडे ढकलत कुठल्यातरी दोषात घालवतात. ०.२५, ०.५, १ आणि १.५ टक्के असे चार घाणे एकाच दिवशी, एकाच भट्टीत करून मगच ठरवावं. टायटनेट करत असाल आणि वर्णपटात ७०० जवळ एक वेगळं टोक दिसलं, तर तो दुसरा टायटनेट आहे, एकास एक प्रमाणाचा. मॅग्नेशियम कमी पडलंय.

मोजताना होणारी फसवणूक

टॉर्चखाली धरून ‘किती छान लाल’ म्हणणं सोडून द्या. माणसाचा डोळा ६६० ला ५५५ च्या मानाने जेमतेम ६ टक्के संवेदनशील आहे, ६३० ला २६ टक्के, ७१० ला जवळजवळ शून्य. त्यामुळे ६३१ चा फ्लोराइड नेहमीच जास्त तेजस्वी वाटणार. लक्समीटरही डोळ्याच्याच मापाने मोजतो, म्हणून या कामात तो निरुपयोगी. फोटॉन मोजणारा क्वांटम सेन्सर किंवा कॅलिब्रेट केलेला स्पेक्ट्रोमीटर वापरा.

जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात फॉस्फरचा वर्णपट क्लोरोफिलच्या शोषणावर ठेवून ‘बघा कसा जुळतो’ असं चित्र असतं. ते शोषण द्रावणातल्या क्लोरोफिलचं, ६६२ जवळच्या टोकाचं. पान म्हणजे द्रावण नव्हे. ते हिरवाही बराच गिळतं. मॅक्री यांनी १९७२ मध्ये पिकांच्या पानांवर जे मोजलं त्यात लाल पट्टा रुंद निघाला, आणि ६२०-६३० चा उजेडही प्रकाशसंश्लेषणाला उत्तमच ठरतो. ६६० चं खरं महत्त्व फायटोक्रोममुळे, म्हणजे झाडातल्या उजेड ओळखणाऱ्या रंगद्रव्यामुळे: त्याचं एक रूप ६६० जवळ शोषतं, दुसरं ७३० जवळ, आणि त्यांच्या प्रमाणावर उंची, फांद्या, फुलणं ठरतं. तेव्हा ६५६ आणि ६६० मधल्या चार नॅनोमीटरसाठी कोणी उष्णतेतली टिकाऊ पावडर सोडत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे.

आता मुख्य मोजणी: तापमानाबरोबर उजेड. २५ पासून २५०पर्यंत २५ अंशांच्या टप्प्यांनी चढा, प्रत्येक टप्प्यावर आठ-दहा मिनिटं थांबा. पावडर उष्णतेला मंद असते; तापमापक तबकडीला टेकलेला असतो आणि पावडरचा वरचा थर त्याहून दहा अंशांनी मागे. म्हणून थर पातळ, दाबून सपाट केलेला हवा. चढताना जसं मोजलं तसं उतरतानाही मोजा. खाली आल्यावर उजेड मूळ आकड्यावर परतला नाही, तर ते तात्पुरतं विझणं नाही, पावडर बिघडली आहे.

टोकाची उंची नव्हे, पट्ट्याखालचं क्षेत्रफळ घ्या, तेही फोटॉनमध्ये. तापल्यावर मँगनीजच्या रेषा फुगतात आणि छोट्या तरंगलांबीच्या बाजूला नव्या रेषा उगवतात. एकूण फोटॉन तेवढेच असूनही मधलं टोक बसलेलं दिसतं.

सगळ्यात मोठा सापळा उलट दिशेचा आहे. फ्लोरोजर्मनेट ४५० ने उत्तेजित केला की आपण त्याच्या ४२० च्या डोंगराच्या उतारावर उभे असतो. तापमान वाढलं की डोंगर रुंदावतो, ४५० ला शोषण वाढतं, आणि उजेड चढताना दिसतो. ‘तापल्यावर जास्त चमकणारा फॉस्फर’ म्हणून जे आकडे मिरवले जातात त्यांतले काही याच जातीचे असू शकतात. शहानिशा करायची तर ४२० नेही मोजा, आणि उजेड विझायला लागणारा काळ, म्हणजे आयुर्मान, मोजा. त्यावर शोषणाचा परिणाम होत नाही.

पण आयुर्मानही डोळे झाकून वाचू नये. खोलीच्या तापमानाला ते साधारण ३.३ मिलिसेकंद असतं. मँगनीज-४ ला उजेड द्यायला जाळीच्या कंपनांची मदत लागते, आणि तापमान वाढलं की ती मदत वाढते, म्हणून तो न विझताही घाईने उजेड देतो. कंपनाची ऊर्जा ३५० व्युत्क्रम सेंटिमीटर (वर्णपटशास्त्रात ऊर्जा मोजायचं एकक) धरली तर २५ वरून १५० अंशांवर जाताना नुसत्या याच कारणाने ३.३ चं २.५५ मिलिसेकंद होतं. ही घट वजा केल्यावर जी उरेल तेवढीच विझण्याची. उजेड आणि आयुर्मान दोन्ही एकाच तापमानापासून एकत्र कोसळू लागले, तर तिथे खरा उंबरठा आहे.

चिपवर बसवताना

मँगनीज-४ चं शोषण मुळात दुबळं. युरोपियमच्या मानाने फारच. त्यामुळे सिलिकोनमध्ये वजनाने ५० ते ६० टक्के पावडर घालावी लागते, आणि तेवढी घातली की मिश्रण पिठल्यासारखं घट्ट होतं. कण १० ते २० मायक्रॉनचे ठेवा. जास्त घोटून बारीक केलेली पावडर पृष्ठभागावरच्या दोषांमुळे मंद होते आणि उजेड उगाच विखुरते. सिलिकोनचे दोन भाग आधी एकत्र करून मग पावडर घाला, निर्वातात दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे काढा, लगेच ओता. ठेवून दिलं की जड पावडर तळाला बसते. खरं तर चिपच्या बाजूला थोडी बसलेली पावडर उष्णतेच्या दृष्टीने फायद्याची, कारण तळ थंड असतो. पण ती प्रत्येक पॅकेजमध्ये सारखी बसली पाहिजे. १०० अंशांवर एक तास आणि १५० वर दोन तास पक्कं करा. सिलिकोन चिकटच राहिलं तर प्लॅटिनमचा उत्प्रेरक कशाने तरी मारला आहे: गंधक, अमाइन किंवा कथिलाची संयुगं. रबरी हातमोजे हा नेहमीचा गुन्हेगार. नायट्राइलचे, तेही गंधकविरहित वापरा.

४५० ऐवजी ४२० ते ४२५ ची जांभळी चिप लावली तर फ्लोरोजर्मनेट मनापासून गिळतो आणि पावडर निम्म्यावर येऊ शकते. त्याची किंमतही मोजावी लागते: ४२० ते ६६० या उडीत ३२ ऐवजी ३६ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, आणि भिंग, परावर्तक, बाजूचं प्लॅस्टिक लवकर पिवळं पडतं. निसटणारा जांभळा उजेड झाडाला निळ्याच्या जागी चालतो, ही जमेची बाजू. सीओबीसाठी मला हा मार्ग पटतो. मध्यम शक्तीच्या पॅकेजसाठी ४५० ची चिप आणि कमी टिकाऊ पण जास्त गिळणारा अ‍ॅल्युमिनेटच बरा, कारण तिथे १०२ अंशांपुढे जायचंच नाही.

आयुर्मान मिलिसेकंदांत असल्याचा आणखी एक चटका: प्रखर निळ्याखाली बरेच मँगनीज आधीच वर चढलेले असतात आणि नवा निळा गिळायला रिकामे नसतात. उष्णतेने विझणं आणि हे तुंबणं, दोन्हींत लाल कमी पडतो, म्हणून ते वेगळं काढावं लागतं. चिपला मंद विद्युतप्रवाह देऊन लाल आणि निळ्याचं गुणोत्तर घ्या. मग भरपूर प्रवाह, पण २० मिलिसेकंदांच्या एकेका स्पंदात, मध्ये एक-दोन सेकंद विश्रांती देऊन. आयुर्मानाच्या पाच-सहा पट लांबीच्या स्पंदात लाल आपल्या पुऱ्या उंचीवर पोचतो, पण थर फारसा तापत नाही. शेवटचे पाच मिलिसेकंद वाचा. गुणोत्तर तिथेच पडलं तर तुंबणं. स्पंदात टिकलं आणि सलग प्रवाहात पाच मिनिटांनी पडलं तर उष्णता. पहिल्याला थर पसरून पातळ आणि रुंद करणं हा उपाय आहे, दुसऱ्याला तळ थंड करणं.